पावसाळ्यात बेळगावला मुक्काम: खोली, ओल आणि ताट

निपाणी, संकेश्वर, चिकोडी, हुक्केरी भागातली माणसं बेळगावला जातात ती कामाला. कलेक्टर ऑफिस, कोर्ट, केएलई हॉस्पिटल, मुलांच्या कॉलेजची फी. सकाळी निघायचं, दुपारी मिळेल तिथं खायचं आणि दिवेलागणीच्या आत वंटमुरीचा घाट उतरून घराची वाट धरायची. त्यामुळं आपल्या जिल्ह्याचं हे गाव रात्री नऊला काय जेवतं आणि सकाळी सातला काय खातं, हे जिल्ह्यातल्याच कितीतरी लोकांना माहीत नाही. मुक्काम करायचा म्हटलं की शंका सुरू होतात. भर पावसात वयस्क माणसांना घेऊन उतरायचं कुठं? खोली ओली निघाली तर? आपल्याच जिल्ह्याचं आधार कार्ड बघून लॉजवाल्यानं नाही म्हटलं तर? चातुर्मास धरलेल्या माणसाच्या पानात काय वाढायचं? आम्ही चौघांनी, त्यात दोघं सत्तरीच्या पुढचे, जुलै 2025 मध्ये शुक्रवार 11 ते रविवार 13 असा मुक्काम केला. ज्यांना असाच बेत करायचा आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहितोय.

तारीख ठरवताना आधी पंचांग बघा, मग हवामानाचा अंदाज. 2025 साली आषाढी एकादशी 6 जुलैला होती. एकादशीनंतर चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात, आणि एरवी वऱ्हाडांनी भरलेल्या हॉटेलच्या खोल्या मोकळ्या होतात. दराबद्दल बोलता येतं ते याच दिवसांत. याच्या अगदी उलट डिसेंबर: हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शहरात चांगली खोली मिळणं मुश्कील होतं. पुढची गोष्ट श्रावणाची. त्या वर्षी श्रावण 25 जुलैला लागला. श्रावणात बरीच घरं मांसाहार सोडतात, मटणाच्या खानावळींतली वर्दळ कमी होते आणि वर्दळ कमी झाली की रस्सा रोज ताजा होईलच याची खात्री राहत नाही. म्हणून मटण खायचं असेल तर आषाढातच जायचं. मात्र श्रावणाच्या तोंडावरचा शेवटचा रविवार टाळायचा. त्या दिवशी सगळ्या गावाला एकदमच मटण हवं असतं. यातून उरला तो एकादशीनंतरचा पहिलाच शनिवार-रविवार. पाऊस पुनर्वसूचा, म्हणजे तरण्या पावसाचे दिवस. सर येते, जोरात कोसळते, मग तासभर भुरभुर. अशा पावसात दोन सरींच्या मधे फिरता येतं. पुष्याचा म्हातारा पाऊस एकदा धरला की दिवसभर सोडत नाही.

खोलीचं बुकिंग 4 जुलैला फोनवर केलं. ॲपवर खोलीचा फोटो दिसतो, खोलीतली ओल दिसत नाही. मालक किंवा मॅनेजर मराठीत बोलतोच. हिंदी-इंग्रजीची गरज पडत नाही. फोनवर पहिला प्रश्न मजल्याचा विचारा. सगळ्यात वरचा मजला नको, कारण जुलैपर्यंत स्लॅब पाणी प्यायलेला असतो आणि छताच्या कोपऱ्यांत काळे डाग उमटलेले असतात. तळमजलाही नको, तिथं भिंत जमिनीतून ओल ओढते आणि मोरीला वास येतो. मधला मजला मागा. दुसरा प्रश्न खिडकीच्या दिशेचा. बेळगावचा पाऊस पश्चिमेकडून, घाटावरून वाऱ्यासकट येतो. पश्चिमेच्या खिडकीला सरकत्या काचा असतील तर खालच्या पन्हळीत पाणी साचतं आणि रात्री वाऱ्यानं आत उडतं. पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी असलेली खोली हवी असं स्पष्ट सांगायचं.

तिसरा प्रश्न गरम पाण्याचा, आणि वयस्क माणसं सोबत असतील तर हा सगळ्यात महत्त्वाचा. मध्यम दराच्या बऱ्याच हॉटेलांत छतावर सोलर असतो. ओळीनं चार दिवस ऊन नसलं की त्या टाकीतलं पाणी जेमतेम कोमट असतं. "गरम पाणी आहे का?" असं विचारलं तर उत्तर "आहे" असंच येणार. म्हणून विचारायचं ते असं: "सोलर चालला नाही तर बॉयलर आहे की खोलीत गिझर, आणि पाणी किती ते किती येतं?" आम्हाला उत्तर मिळालं, बॉयलर आहे, सकाळी 6 ते 10. तेवढ्यावर दोन्ही सकाळींची आखणी करता आली. चौथा प्रश्न विजेचा. पावसात फांद्या तारांवर पडतात, हेस्कॉमची वीज जाते, विशेषतः जुनी झाडं असलेल्या कॅम्प भागात. जनरेटर सगळीकडेच असतो. पण त्यावर लिफ्ट चालते का हे विचारलं पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला अंधारात तीन जिने चढायला लावणं म्हणजे त्याचा मुक्काम तिथंच संपवणं.

आणि पाचवा प्रश्न आपल्या भागातल्या लोकांसाठी खास: "बेळगाव जिल्ह्याचं आधार चालतं का?" काही लॉज स्थानिक पत्त्याच्या ओळखपत्रावर खोली देत नाहीत, आणि निपाणीचा किंवा खानापूरचा पत्तासुद्धा त्यांच्या लेखी स्थानिकच. एका ठिकाणी आम्हाला याच कारणानं नकार मिळाला. काउंटरवर बॅगा घेऊन हे ऐकण्यापेक्षा फोनवर ऐकलेलं बरं. दुसऱ्या हॉटेलनं कुटुंब आहे, चौघांची कार्डं दाखवतो म्हटल्यावर लगेच होकार दिला. प्रत्येक प्रौढ माणसाचं ओळखपत्र लागतं, एकट्याचं चालत नाही. झेरॉक्स द्यायची तर मास्क्ड आधारची द्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. मूळ कार्ड काउंटरवर ठेवून घेऊ देऊ नका.

दर ठरला खोलीला 2,200 रुपये, दोन खोल्या, नाश्ता धरून नाही. नाश्ता मुद्दामच नको म्हटलं, कारण बेळगावात सकाळी हॉटेलच्या बुफेत बसणं म्हणजे बाहेरच्या खाण्याची एक वेळ वाया घालवणं. आगाऊ 2,000 रुपये यूपीआयनं दिले आणि दर, तारखा, मजला, पूर्वेची खिडकी, बॉयलरची वेळ हे सगळं मेसेजमध्ये लिहून "ओके" मागवून घेतलं. पुढं हा मेसेज कामाला आला.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला निपाणी सोडली. अंतर 75 किलोमीटरच्या आसपास, पण महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळं जागोजागी वळवलेला रस्ता आणि त्यावर साचलेलं पाणी. पावसाळ्यात अडीच तास धरून चाला. हत्तरगीला टोल लागतो. वंटमुरीच्या घाटात सरीत पुढचं दिसेनासं होतं. तिथं ट्रकच्या मागं शांतपणे राहायचं. काकती ओलांडली की हवा बदललेली जाणवते. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, जुलैत दिवसाही पारा 25 अंशांच्या फार वर जात नाही. वयस्कांसाठी स्वेटर आणि कानटोपी गाडीतच हाताशी ठेवा.

हॉटेल कॉलेज रोडच्या आसपास निवडलं होतं. चन्नम्मा चौक एका टोकाला, धर्मवीर संभाजी चौक दुसऱ्या टोकाला, त्यामुळं कॅम्प, खडे बाजार, टिळकवाडी सगळं रिक्षाच्या टप्प्यात. शहापूर-वडगावच्या बाजूला पावसाळ्यात उतरायचं असेल तर आधी चौकशी करा. मोठ्या पावसात बळ्ळारी नाला आणि लेंडी नाला फुगतात आणि त्या अंगाला पाणी येतं. गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये लावली ती रविवारपर्यंत हलवली नाही. गणपत गल्ली, मारुती गल्लीत पावसात गाडी घालणं हा नुसता त्रास आहे.

चेक-इनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो: ज्या वेळी खोली घेतली त्याच वेळी दुसऱ्या दिवशी सोडायची. मोठ्या हॉटेलांत दुपारी 12 ते 12. आमचं चोवीस तासांचं होतं. साडेअकराला पोचलो, पण रजिस्टरमध्ये सही लगेच केली नाही. बॅगा काउंटरमागे ठेवल्या, जेवायला गेलो आणि दोन वाजता येऊन सही केली. त्यामुळं रविवारी दोनपर्यंत खोली हातात राहिली. सहीसमोर वेळ लिहितात, ती आपण बघूनच सही करायची.

शुक्रवारचं दुपारचं जेवण भाकरीच्या खानावळीत. ज्वारीची भाकरी, झुणका, भरली वांगी (पाटीवर आणि बोलण्यात एण्णगाई), मोडाच्या मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, लाल ठेचा, दही, ताक, शेवटी भात आणि आमटी. ताट 140 रुपये. इथं वेळ पाळणं फार महत्त्वाचं. पावणेएक ते दोन ही खरी वेळ, कारण तेव्हा चूल सलग चालू असते आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. अडीचनंतर चळतीतली मिळते. ज्वारीच्या पिठात चिकटपणा नसतो, ते उकळत्या पाण्यानं बांधलेलं असतं. गरम असताना भाकरी लुसलुशीत, थंड झाली की कडेनं चामट. वाढप्याला "मऊ की कडक" विचारायची सवय असते. पावसाळ्यात मऊच मागा. कडक भाकरी उन्हाळ्यात डब्यात आठवडाभर कुरकुरीत राहते, पण जुलैच्या दमट हवेत तासाभरात सादळते, मग ना कडक ना मऊ.

ताटात कच्ची मेथी, कांद्याची पात, काकडी येते. एरवी तीच या जेवणाची शान. पण पावसाळ्यात पालेभाजीला चिखल आणि अळी दोन्ही असतात आणि खानावळीत दर जुडी तीन पाण्यांतून धुतली जाईल अशी अपेक्षा धरता येत नाही. आम्ही कच्चा पाला बाजूला ठेवला. पाण्याचंही तसंच; "बिसी नीरु" म्हटलं की गरम पाणी आणून देतात, कुणी नाक मुरडत नाही.

चातुर्मास धरलेल्यांची अडचण इथंच समोर येते. कांदा, लसूण आणि वांगं तिन्ही वर्ज्य, आणि या ताटाचा कणाच एण्णगाई आणि झुणका! उपाय आहे, फक्त बसण्याआधी बोलावं लागतं. आत जाऊन भाकरी करणाऱ्या मावशींना सांगितलं, "मावशी, चातुर्मास आहे, कांदा-लसूण-वांगं चालत नाही." त्यांनी दही, कारळ्याची चटणी, ताक आणि कांद्याशिवाय उकडून फोडणी दिलेले मूग दिले. शेंगदाण्याच्या चटणीत लसूण असतोच, कारळ्याच्यात बऱ्याचदा असतो. विचारल्याशिवाय घेऊ नका. कन्नड भागातल्या खानावळवाल्यांना हे नियम नवे नाहीत, श्रावण सोमवार तेही पाळतात. ऐन गर्दीत ताट समोर आल्यावर सांगितलं तर मात्र कुणाच्यानं काही होत नाही.

दुपारी दोनला खोली ताब्यात घेतली. आधी गादीवर तळहात दाबून बघा, उशीचा वास घ्या, कपाट उघडा, छताचा खिडकीकडचा कोपरा बघा, बाथरूमचा पंखा लावून बघा. दोनपैकी एका खोलीत चादर गार आणि दमट होती. कपडे धुवायला टाकले की या दिवसांत इस्त्रीनंच वाळवावे लागतात आणि घाईत ते अर्धवट राहतं. चादरी बदलून मागितल्या, वर प्रत्येक पलंगाला एक जादा सुकी चादर. एसी असेल तर तो थंडीसाठी लावायचा नाही. रिमोटवर ड्राय मोड असतो, थेंबाचं चिन्ह. तासभर चालवला की खोलीचा कोंदट वास जातो. ओले कपडे खोलीत पसरू नका, तीच ओल रात्री पांघरुणात उतरते. बाथरूममध्ये पंखा लावून टांगा किंवा काउंटरवरून इस्त्री मागवा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. खरं तर बूट न्यायचेच नाहीत, रबरी तळाच्या चपला न्या. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. हा वारा छत्री उलटी करतो.

संध्याकाळी पाचला सर थांबली तेव्हा चहा आणि मिरची भजी. लांब, कमी तिखट मिरची, बेसनात ओवा, आणि घाणा बाहेर येईल तेव्हा उभ्यानं खायची. बशीत मांडून ठेवलेली घेऊ नका, पाच मिनिटांत पीठ ओलसर होतं. चहा जास्त नको असेल तर "बाय टू" म्हणा, एका कपाचे दोन मिळतात.

आता रात्रीचं मटण. हे जेवण जमलं की मुक्काम जमला, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

बेळगावात मटणाची दोन घराणी शेजारी-शेजारी नांदतात. एक कोल्हापुरी वळणाचं, तांबडा-पांढरा रस्सा देणारं. दुसरं हुबळी-धारवाडकडून आलेलं सावजी. सावजीचा रस्सा काळपट, दाट, खड्या मसाल्याचा आणि खरोखर तिखट. त्यांच्याकडे खिमा उंडे मिळतात, रश्शात सोडलेले खिम्याचे गोळे. दात नसलेल्या वयस्क माणसाला यापेक्षा सोयीचं मटण नाही, पण तिखटाचं आधी सांगावं लागतं. "खारा कम्मी माडरी" म्हटलं की समजतं. तरी रस्सा दुपारीच शिजलेला असल्यामुळं तिखट कमी करणं म्हणजे वर पाणी किंवा नारळाचं दूध घालणं, आणि त्यानं चव पातळ होते. तिखट अजिबात न चालणाऱ्यांनी सरळ पांढऱ्या रश्शाच्या ठिकाणी जावं. आम्ही तेच केलं, टिळकवाडीच्या बाजूला. आपल्याकडच्या मसाल्याचं गणित साधं आहे: रंग ब्याडगीचा, जाळ संकेश्वरीचा. तांबड्यात दोन्ही असतात. पांढऱ्यात खसखस, काजू, नारळाचं दूध आणि मटणाचं अळणी पाणी. मिरी असते, मिरचीपूड नसते.

जायची वेळ साडेसात. पावसाळ्यात हे जास्तच खरं. सगळं गाव सर थांबायची वाट बघतं आणि साडेआठ-नऊला एकदमच बाहेर पडतं. खानावळीत मटण आधी शिजलेलं असतं, रस्सा तयार असतो. अडतं ते भाकरीवर. तव्यावर एक किंवा दोन बायका. थापणं, पाणी फिरवणं, उलटणं, फुगवणं, एका भाकरीला दोन-तीन मिनिटं जातातच. दहा टेबलं भरली की चाळीस माणसं आणि ऐंशी भाकऱ्या. आम्हाला पावणेआठला बसूनही पहिल्या भाकरीसाठी वीस मिनिटं लागली. नऊला आलेल्या लोकांना दारातच पाऊण तास उभं राहावं लागत होतं. त्यामुळं बसल्याबसल्या माणशी दोन भाकऱ्या सांगून टाका, आणि पहिली तोडली की तिसरीचं सांगा. दुसरी संपल्यावर सांगितलं तर रस्सा गार होतो. चपाती मागू नका. रश्शात ती लगेच लगदा होते, भाकरीचा तुकडा उभा राहतो.

मटण फ्राय आधी मागवा, ते साडेनऊपर्यंत संपतं. नळी हवी असेल तर ऑर्डरसोबतच सांगावी. रस्सा वाटीला वाटी फुकट भरून देतात, पण रात्री दहानंतरचा वाढीव रस्सा पातळ केलेला असतो हे जिभेला कळतं. सुरुवातीचा पांढरा रस्सा मात्र विसरण्यासारखा नव्हता. बाहेर पावसाचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, आणि समोर वाफाळती वाटी, वर मिरीचा ठसका. सत्तरीपुढच्या एकानं तीन वाट्या घेतल्या. भात शेवटी, तांबड्याबरोबर. तीन मटण थाळ्या, एक शाकाहारी थाळी, एक फ्राय, 5 टक्के जीएसटीसह 1,785 रुपये.

परतीची सोय जेवायला जातानाच करून ठेवा. बेळगावात रिक्षा मीटरवर क्वचितच येते, भाडं आधी ठरवावं लागतं, आणि रात्री दहाला पावसात रस्त्यावर रिक्षा शोधणं वयस्कांना घेऊन शक्यच नाही. ज्या रिक्षानं गेलो त्याच रिक्षावाल्या दादांना साडेनऊची वेळ दिली, नंबर घेतला, दोन्ही वेळचं भाडं एकत्र ठरवलं. ते वेळेवर आले.

शनिवारी सकाळी अंघोळी साडेसहाला उरकल्या, बॉयलरचं पाणी तेव्हा सगळ्यात कढत असतं. नाश्ता उडपी हॉटेलात, साडेसातच्या आत. तेव्हा इडलीचा पहिला-दुसरा घाणा असतो. पावसाळ्यात पीठ नीट आंबायला वेळ लागतो, म्हणून या दिवसांत इडलीपेक्षा डोसा आणि उप्पीट जास्त भरवशाचं. लोणी डोसा घ्या. लोण्याच्या बाबतीत बेळगावला तोड नाही, खानापूरकडचं आणि आसपासच्या खेड्यांतलं लोणी बाजारात येतं. सांबार इथं थोडं गोडसर असतं, नको असेल तर नुसती चटणी मागा. चौघांचे 420 रुपये.

पावसात बघायचं काय, हा प्रश्न किल्ल्यात सुटतो. कमल बस्ती हे 1204 सालचं जैन मंदिर पूर्ण दगडी आणि छताखालचं आहे. मंडपाच्या छतातलं दगडी कमळ बघताना मान वर करून उभं राहायला जागाही भरपूर. किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. स्वामी विवेकानंद 1892 मध्ये बेळगावला आले तेव्हा राहिले होते ते घर तिथं जपलेलं आहे. दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं, वयस्कांचा हात सोडू नका.

शनिवारी दुपारी जोराची झड लागली, म्हणून जेवण हॉटेलच्याच रेस्टॉरंटमध्ये. मेन्यूवर सुरमई, बांगडा, कोळंबी सगळं होतं. बेळगावला मासा कारवार-गोव्याकडून आणि कोकणातून येतो आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. म्हणजे जुलैत ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातली. वेटरला सरळ विचारलं, त्यानंही सरळ सांगितलं, "साहेब, बर्फातलाच आहे." मग सुक्या बांगड्याची चटणी, सोलकढी, डाळ-भात घेतला, आणि तो पावसाळी बेत सुरमईपेक्षा सरस ठरला. बिल 1,240. त्यात सेवाशुल्क म्हणून 5 टक्के लावले होते. ते ऐच्छिक असतं, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना तशा आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं त्या मार्च 2025 मध्ये कायम ठेवल्या. शांतपणे काढायला सांगितलं, काढलं. (1,240 हा काढल्यानंतरचा आकडा.) जीएसटी मात्र द्यावाच लागतो. हेच जेवण खोलीत मागवलं असतं तर रूम सर्व्हिसचा दर वेगळा. मेन्यू कार्ड खोलीतलं आणि खालचं एकच आहे का ते ताडून बघा.

रात्री बिर्याणी. बेळगावचं नियाज हे नाव आता इतर शहरांतही माहीत झालंय. शनिवारी रात्री अशा नावाजलेल्या ठिकाणी पाऊण तासाची रांग धरूनच जावं किंवा सातला पोचावं. हंडी उघडल्यावरचा पहिला तास सगळ्यात चांगला, तांदूळ तेव्हा सुटा असतो. सलग दुसऱ्या रात्री मसालेदार खाणं वयस्कांना झेपत नाही, त्यांच्यासाठी दहीभात बांधून आणला. सगळे मिळून 1,150.

रविवारी सकाळी नाश्त्याचे 390 झाले, मग खरेदी. कुंदा कॅम्पातल्या पुरोहितांचा नावाजलेला, पण गावात चांगला कुंदा करणारे इतरही आहेत. कुठंही घ्या, आधी चवीला मागा. दूध आटवताना दही घालून रवाळ करतात, साखर करपवून रंग आणतात. चांगल्या कुंद्याला तो करपलेला खमंगपणा असतो आणि तूप बोटाला लागतं. नुसता गोड आणि पिवळट असेल तर सोडून द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात घेऊ नका, पावसात खोकं भिजतं, डबा मागा. घरी फ्रीजमध्ये ठेवायचा आणि खाताना थोडा गरम करायचा. मांडे पावसाळ्यात घेणं मात्र अवघड. उपड्या हंडीवर भाजलेला, पिठीसाखर आणि खसखस पसरून घडी घातलेला तो पातळ पापुद्रा हवेतली ओल लगेच ओढतो. घ्यायचेच असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, निघायच्या तासाभर आधी उचला, हवाबंद पिशवीत दुहेरी बांधून मांडीवर न्या.

खोली दीडला सोडली. हिशेब: दोन खोल्या, दोन रात्री, 2,200 वर तेव्हाचा 12 टक्के जीएसटी, म्हणजे खोलीला रात्रीचे 2,464, एकूण 9,856. काउंटरवर आधी 2,400 चा दर लावला होता. 4 जुलैचा मेसेज दाखवला, दुरुस्त झाला. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंतच्या खोल्यांवर हा कर 5 टक्के झालाय, त्यामुळं आज याच बिलाचे 9,240 होतील. जुन्या सॉफ्टवेअरवर 12 टक्के छापून येत असतील तर थांबून नवं बिल मागा. खाण्याचे एकूण 5,725 (यात शुक्रवारच्या चहा-भज्यांचे 180 आले), रिक्षाचे 620. चौघांचे मिळून 16,201, डिझेल-टोल आणि कुंदा सोडून.

2026 साठी बेत करणाऱ्यांना एक सोयीची गोष्ट. यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळं सगळं पुढं सरकलंय. आषाढी एकादशी 25 जुलैला आणि श्रावण 13 ऑगस्टला. मासेमारीबंदी 31 जुलैला उठते. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या बारा दिवसांत लग्नं नाहीत, खोल्या मोकळ्या, आषाढ संपलेला नाही आणि बोटी समुद्रात गेलेल्या. बोटी परतून ताजा मासा बेळगावच्या बाजारात नीट यायला चार-पाच दिवस धरा आणि शुक्रवार 7 ऑगस्टची खोली जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच सांगून ठेवा. फक्त 9 ऑगस्ट हा श्रावणाच्या तोंडावरचा शेवटचा रविवार, म्हणून मटण शुक्रवारीच उरका. मधला मजला, पूर्वेची खिडकी.